कूलर : पाणी देऊन घेतलेला गारवा

वणीकडून राजूरला येताना दोन गोष्टी नजरेत भरतात. एक कोळशाची काळी धूळ आणि दुसरी चुन्याच्या भट्ट्यांवरची पांढरी. यवतमाळ जिल्ह्याच्या या टोकाला जमिनीच्या पोटात कोळसाही आहे आणि चुनखडीही. एप्रिल उजाडला की यांत तिसऱ्या गोष्टीची भर पडते. घरोघरी खिडक्यांबाहेर लोखंडी स्टँडवर पत्र्याचे कूलर चढतात. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणे या भागाला नवे नाही. नवतपा सुरू झाला की दुपारी अकरा ते पाच रस्ते ओस पडतात आणि घराघरांतून पंख्याची घरघर ऐकू येते.

घर सुसह्य करणाऱ्या वस्तूंची यादी विदर्भातल्या कुटुंबाला करायला सांगितली, तर कूलरचा क्रमांक बराच वर लागेल. फ्रिज आणि मिक्सर नसले तरी चालते, पण घरात तान्हे मूल किंवा म्हातारे माणूस असेल तर कूलरशिवाय मे महिना काढणे कठीण असते. पण ही वस्तू आपण जशी विकत घेतो तशी समजून घेत नाही. खिडकी उघडी ठेवावी की बंद? पावसाळ्यात तोच कूलर नकोसा का होतो? ताट्यांवर पांढरे कवच कसले चढते? कूलरला हात लावताच माणूस दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात का येतात? हे प्रश्न वेगवेगळे वाटले, तरी त्यांची उत्तरे एकाच ठिकाणी सापडतात. कूलर गारवा तयार करीत नाही. तो पाणी देतो आणि त्याच्या बदल्यात गारवा घेतो. हा व्यवहार नीट समजला की बाकीचे आपोआप उलगडत जाते.

माठाचाच थोरला भाऊ

माठातले पाणी गार का होते, हे आपण सातवी-आठवीच्या वर्गात शिकवतो. माठाच्या छिद्रांतून पाझरलेले पाणी बाहेरच्या पृष्ठभागावर येते आणि त्याची वाफ होते. वाफ होण्यासाठी लागणारी उष्णता ते माठातूनच घेते. या उष्णतेला आपण बाष्पीभवनाचा अप्रकट उष्मा म्हणतो. नेहमीच्या तापमानाला १ किलो पाण्याची वाफ होण्यासाठी सुमारे २,४३० किलोज्यूल उष्णता लागते. हा आकडा किती मोठा आहे ते बर्फाशी तुलना केल्यावर कळते. १ किलो बर्फ वितळताना फक्त ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो. म्हणजे १ लिटर पाण्याचे बाष्पीभवन झाले तर सुमारे ७ किलो बर्फ वितळण्याइतका गारवा मिळतो.

पूर्वी वाळ्याच्या ताट्या दाराखिडक्यांना बांधून त्यांवर पाणी शिंपडत असत. बाहेरची झळ त्या ओल्या ताटीतून आत येताना गार आणि सुगंधी होई. कूलरने यात दोनच यंत्रे वाढवली. पाणी शिंपडणाऱ्या हाताची जागा छोट्या पंपाने घेतली आणि वाऱ्याची जागा पंख्याने. ताटी तीच राहिली. कधी ती वाळ्याची असते, कधी लाकडाच्या भुश्शासारख्या लांब तंतूंची, तर हल्ली मधाच्या पोळ्यासारखी घरे असलेल्या जाड कागदी पॅडची. या सर्वांचे काम एकच असते. थोड्या जागेत ओला पृष्ठभाग जास्तीत जास्त वाढवायचा आणि हवेला त्यातून वाट द्यायची.

आता थोडा हिशेब करू. घरगुती वापराचा एक कूलर तासाला २,००० घनमीटर हवा आत सोडतो असे धरू. मे महिन्यातल्या कोरड्या दुपारी ४५ अंशांची हवा ताटीतून जाऊन २९ अंशांची झाली, तर तासाला सुमारे १५ लिटर पाण्याची वाफ होते. या बाष्पीभवनाने शोषलेली उष्णता तासाला १०० किलोहून जास्त बर्फ वितळवण्याइतकी, म्हणजे सुमारे १० किलोवॅट होते. पंखा आणि पंप मिळून वीज मात्र साधारण २०० वॅट घेतात. वातानुकूलन यंत्राची खरेदी टनांत होते आणि १ टन म्हणजे साडेतीन किलोवॅट. हा हिशेब पाहून कूलर म्हणजे जादूच वाटेल, पण फसायचे नाही. वातानुकूलन यंत्र खोलीतलीच हवा पुन्हा पुन्हा थंड करते. कूलरला दर वेळी बाहेरची ४५ अंशांची हवा नव्याने थंड करावी लागते. खोलीतून बाहेर पडणारी हवा ३३ अंशांची असेल, तर १६ अंशांपैकी फक्त ४ अंशांचा गारवा खोलीच्या कामी आला, म्हणजे चौथा हिस्सा. तरीही २०० वॅट विजेत हा सौदा स्वस्तच आहे.

खिडकी उघडी का ठेवायची?

पुष्कळ घरांत 'गारवा बाहेर जाईल' म्हणून दारे-खिडक्या लावून कूलर चालवला जातो. हे नुकसानीचे आहे. साधारण १० बाय १२ फुटांची आणि १० फूट उंचीची खोली घेतली, तर तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. आपला कूलर दर मिनिटाला जवळजवळ तेवढी हवा आत आणतो. आत आलेल्या हवेला बाहेर जायला वाट नसेल, तर नवी हवा आत येणार कशी?

दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे आहे. कोरडी हवा पाण्याची वाफ घेते, पण अमर्याद घेत नाही. ४५ अंश तापमानाची आणि १५ टक्के सापेक्ष आर्द्रतेची ही ३४ घनमीटर हवा जेमतेम ३५० ग्रॅम पाणी घेऊन तृप्त होते. दोन पेले पाण्यात खोली भरली! त्यानंतर तीच हवा ताटीतून फिरवत राहिले तर ती फक्त दमट होत जाते. म्हणून कूलर खिडकीबाहेर मोकळ्या हवेत आणि शक्यतो सावलीत हवा. त्याच्या समोरच्या बाजूचे दार किंवा खिडकी उघडी असावी. कूलर खोलीच्या आत कोपऱ्यात ठेवणे म्हणजे त्याला त्याचीच उष्टी हवा पुन्हा देणे.

गारव्याची तळरेघ

कूलर हवा कुठपर्यंत गार करू शकतो? याचे उत्तर दोन तापमापकांनी मिळते. एक तापमापक तसाच ठेवावा. दुसऱ्याच्या पाऱ्याच्या फुग्याला ओले तलम कापड गुंडाळून कापडाचे टोक पाण्याच्या वाटीत सोडावे आणि दोन्हींवर वारा घालावा. ओल्या फुग्याचा पारा खाली उतरतो आणि एका ठिकाणी थांबतो. ते त्या हवेचे ओल्या फुग्याचे तापमान. कूलर कितीही भारी घेतला तरी तो या रेघेच्या खाली जाऊ शकत नाही. चांगला कूलर कोरड्या आणि ओल्या तापमानांतील अंतराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग कापतो. तीन वेळची उदाहरणे पाहू.

मे, दुपार : हवा ४५ अंश, आर्द्रता १५ टक्के, ओला फुगा सुमारे २३ अंश. कूलरची हवा सुमारे २९ अंश.

ऑक्टोबर, दुपार : हवा ३५ अंश, आर्द्रता ५० टक्के, ओला फुगा सुमारे २६ अंश. कूलरची हवा सुमारे २८ अंश.

जुलै, दुपार : हवा ३२ अंश, आर्द्रता ८० टक्के, ओला फुगा सुमारे २९ अंश. कूलरची हवा सुमारे ३० अंश.

शेवटचे आकडे पुन्हा पाहा. तिन्ही ऋतूंत कूलरमधून येणारी हवा जवळजवळ सारख्याच तापमानाची आहे! मग मे महिन्यात सुखद वाटणारा वारा जुलैत चिकट का वाटतो? कारण आपले शरीरही एक कूलरच आहे. घामाचे बाष्पीभवन हाच त्याचा गारव्याचा मार्ग. मे महिन्यात कूलरमधून आलेल्या हवेची आर्द्रता ६० टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे घाम वाळायला वाव राहतो. जुलैत तीच आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर जाते आणि घाम अंगावरच राहतो. अशा वेळी कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवावा. टाकीकडे पाहिले तरी हे कळते. मे महिन्यात तासाला १५ लिटर पिणारा कूलर जुलैत दोन लिटरही पीत नाही. ज्याने पाणी घेतले नाही, तो गारवा कुठून देणार?

मुंबई-रत्नागिरीच्या दमट हवेत कूलर फारसा चालत नाही आणि नागपूर-यवतमाळकडे तो घरोघरी दिसतो, याचे कारण हेच. पुण्या-मुंबईच्या नातेवाइकाने 'कूलरचा काही उपयोग नाही' असे सांगितले किंवा विदर्भातून बदली होऊन कोकणात गेलेल्या कुटुंबाने आपला कूलर सोबत नेला, तर दोघेही आपापल्या हवेपुरतेच पाहत असतात. वस्तूची उपयुक्तता वस्तूत जितकी असते तितकीच ती जिथे वापरायची त्या जागेतही असते.

पाण्याची बाजू

आता व्यवहाराची दुसरी बाजू पाहू. तासाला १५ लिटर पाणी धरले तर आठ तासांत १२० लिटर होतात. पंधरा लिटरच्या हंड्याने मोजले तर हे आठ हंडे झाले. ज्या घरी नळाला भरपूर पाणी आहे तिथे हा आकडा कोणाला जाणवत नाही. पण मे महिन्यात जिथे हातपंपावर रांग लागते किंवा टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हे आठ हंडे कोणीतरी डोक्यावरून आणत असते आणि ते कोणीतरी बहुधा घरातली बाईच असते. तिच्या वाट्याला गारव्याआधी खेपा येतात. कूलर घेण्यापूर्वी विजेच्या बिलाचा विचार सगळे करतात, पाण्याच्या खेपांचा फारसा कोणी करीत नाही. घर लहान आणि पाणी दूर असेल, तर मोठ्या कूलरऐवजी लहान कूलर घेऊन तो उन्हाच्या ऐन चार तासांत चालवणे शहाणपणाचे. छताला बाहेरून चुन्याचा पांढरा हात दिला तर ऊन परावर्तित होते आणि छत कमी तापते. राजूरला त्यासाठी चुना शोधत फिरावे लागत नाही.

ताटीवरचे कवच आणि भट्टीतला चुना

वाफ होऊन जाते ते फक्त पाणी. त्यात विरघळलेले क्षार मागेच राहतात. चुनखडीच्या प्रदेशातील विहिरींचे आणि बोअरचे पाणी बहुधा दुष्फेन म्हणजे जड असते. त्यात कॅल्शियम बायकार्बोनेट विरघळलेले असते. समजा लिटरमागे ८०० मिलिग्रॅम क्षार असलेले पाणी आपण वापरतो. रोज १२० लिटर पाणी वाफ झाले तर सुमारे ९६ ग्रॅम क्षार मागे उरतील. दोन महिन्यांच्या उन्हाळ्यात ते पावणेसहा किलोंच्या घरात जातील! दुकानातून आणलेली मिठाची पाच पाकिटे कूलरमध्ये ओतल्यासारखेच हे आहे.

पाणी ताटीवरून पातळ थराने वाहते तेव्हा त्यातला कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो. विरघळणारे बायकार्बोनेट मोडून न विरघळणारे कॅल्शियम कार्बोनेट तयार होते आणि ताटीच्या तंतूंवर बसते. गुहांमध्ये छताला लोंबणारे चुनखडीचे झुंबर याच क्रियेने बनते. फरक एवढाच की तिथे हजारो वर्षे लागतात आणि इथे एक उन्हाळा पुरतो. ताटीची छिद्रे बुजली की हवा कमी येते, ताटीचे काही भाग कोरडे राहतात आणि 'कूलर जुना झाला' अशी तक्रार सुरू होते. कूलर जुना झालेला नसतो, ताटीचा दगड झालेला असतो.

यावर उपाय साधा आहे. समजा टाकी ६० लिटरची आहे आणि दिवसभरात तिच्यात १२० लिटरची भर घातली. रात्री टाकीतल्या ६० लिटर पाण्यात एकूण १८० लिटरचे क्षार गोळा झालेले असतात, म्हणजे कवचात बसलेला भाग सोडला तर जवळजवळ तिपटीने दाट पाणी. ते शिल्लक ठेवून त्यातच भर घालत राहण्यापेक्षा दोन-तीन दिवसांनी काढून टाकावे. अंगण शिंपायला किंवा मोरी-संडास धुवायला ते चालते, झाडांना मात्र घालू नये. चढलेले कवच लिंबाचे सत्त्व किंवा व्हिनेगर घातलेल्या पाण्याने सुटते. ताटी काढून, वीज बंद करून हे काम करावे.

येथे राजूरच्या शिक्षकांना एक सुरेख प्रयोग आयता मिळतो. भट्टीत चुनखडी सुमारे ९०० अंशांना तापवली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घातले की तो खदखदून विरतो. विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होतो आणि भिंतीवर घट्ट बसतो. आता ताटीवरच्या कवचाचा तुकडा परीक्षानळीत घेऊन त्यावर व्हिनेगर घालावे. बुडबुडे येतील. तो वायू नळीने चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधाळ होते. भिंत, भट्टी आणि कूलरची ताटी या तिन्ही ठिकाणी एकच पदार्थ आहे, हे विद्यार्थ्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. निवळीसाठी खायच्या पानाचा विरलेला चुनाच वापरावा. कळीचा चुना मुलांच्या हाती देऊ नये. तो पाण्याशी संयोग पावताना भाजतो आणि डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते.

जीवावर बेतणारी गोष्ट

पत्र्याची पेटी, तिच्यात पाणी, पाण्यात बुडालेला विजेचा पंप आणि भोवती ओली जमीन. अशी रचना घरातल्या दुसऱ्या कोणत्याही उपकरणात नसते. पंपाच्या वायरीचे आवरण तडकले की पाणी आणि पत्रा दोन्ही विद्युतभारित होतात. वर सांगितलेले क्षार येथेही हजर असतात. पाणी जितके क्षारयुक्त तितके ते विजेचे चांगले वाहक. ओल्या हाताच्या, अनवाणी माणसाचा विद्युतरोध सुमारे १,००० ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. २३० व्होल्ट भागिले १,००० म्हणजे ०.२३ अँपिअर, अर्थात २३० मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडवायला याहून पुष्कळ कमी प्रवाह पुरतो.

'आमच्याकडे एमसीबी बसवली आहे' असे काही जण निर्धास्तपणे सांगतात. एमसीबी वायरिंगचे रक्षण करते, माणसाचे नाही. ६ किंवा १६ अँपिअरची एमसीबी पाव अँपिअरने पडत नाही. माणूस वाचवणारे साधन दुसरे आहे. त्याला आरसीसीबी म्हणतात. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे तेवढी वीज भलत्या वाटेने जमिनीत जाऊ लागली, की ते क्षणार्धात पुरवठा तोडते. त्याची किंमत कूलरच्या किमतीपेक्षा कमीच असते. कूलर घेताना पैसे कमी पडत असतील तर कूलर लहान घ्यावा, पण हे साधन सोडू नये.

दुसरे रक्षण अर्थिंगचे. तीन पिनांची तिसरी पिन मोडून दोन पिनांच्या बोर्डात खुपसलेला प्लग आपण सर्वांनी पाहिला आहे. आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. अर्थिंगचा खड्डा ओला असेल तरच वीज जमिनीत नीट मुरते. मे महिन्यात काळी माती भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग दुबळे होते. म्हणजे कूलरला त्याची सर्वांत जास्त गरज असते नेमके तेव्हाच. म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात अधूनमधून पाणी घालावे. आणि एक नियम घरातल्या लहान मुलापर्यंत पोचवावा : पाणी भरण्यापूर्वी नुसते बटन बंद करायचे नाही, प्लगच काढायचा. पाणी भरून, हात पुसून, चप्पल घालून मगच तो लावायचा. फरशी पुसणे आणि कूलरजवळचे कपडे वाळत घालणे हेही त्यातच आले.

शेवटचा पाहुणा

उन्हाळा सरतो, कूलर बंद होतो, पण टाकीत पाणी राहते. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला असेच स्वच्छ, साठलेले पाणी हवे असते. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण कोरडी करावी म्हणजे साखळी तुटते. नुसते पाणी ओतून देणे पुरत नाही. या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून कोरड्या अवस्थेत महिनोन्‌महिने टिकतात आणि पुन्हा पाणी आले की फुटतात. भिंती घासून काढायला हव्यात. पाऊस सुरू झाला की कूलर उतरवून, टाकी घासून, उन्हात वाळवून ठेवणे हा त्या हंगामाचा समारोप समजावा.

वर्गासाठी

उन्हाळी सुटीत विद्यार्थ्यांना तीन नोंदी करायला सांगाव्यात. पहिली : रोज दुपारी कोरड्या आणि ओल्या फुग्याचे तापमान आणि कूलरच्या तोंडाशी मिळणारे तापमान. दुसरी : टाकीत दिवसभरात किती पाणी भरले आणि ते कोणी आणले. तिसरी : अर्धा लिटर पाणी स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर आटवून मागे राहिलेल्या क्षाराचे वजन. त्यासाठी गावातल्या सोनाराचा काटा उपयोगी पडेल. जूनमध्ये शाळा उघडल्यावर या नोंदी फळ्यावर मांडल्या, तर अप्रकट उष्मा, सापेक्ष आर्द्रता, दुष्फेन पाणी आणि ओहमचा नियम हे चार धडे एकाच वस्तूभोवती गोळा होतील. आणि त्या नोंदी करताना एखाद्या घरातली मोडकी तिसरी पिन बदलली गेली, तर त्या सुटीचा अभ्यास पूर्ण झाला असे म्हणता येईल.